थोरलीच्या छताचा वास

"बाबांना तो वास खरंच येत नव्हता, की येत असूनही त्यांनी तो घेतला नाही?" नाकोबांच्या मुलीने हे मला विचारले तेव्हा मी तिच्या वडिलांच्या कामाविषयीची टिपणे चाळत होतो. टिपणांत उत्तर नव्हते. त्यानंतर नाकोबांशी चार वेळा सविस्तर बोलूनही ते मला देता आलेले नाही. हा प्रश्न कुठून निघाला, एवढे मात्र सांगता येईल.

नाकोबा हे टोपणनाव. पाटीवर 'गंधपरीक्षक' असे लिहिलेले होते, पण मोटारींच्या कारखान्यात पाट्या वाचायला वेळ कुणाला असतो? तयार झालेल्या गाडीत बसून, दारे लावून घेऊन, तिच्या आतल्या हवेचा वास घ्यायचा आणि त्याला एक ते सहा यांपैकी एक श्रेणी द्यायची, असे त्यांचे काम होते. एक म्हणजे वास नाही. सहा म्हणजे सहन होत नाही. एकवीस वर्षे त्यांनी हे केले आणि शेवटचे काही आठवडे सोडले तर या काळात त्यांच्या नाकाने दिलेला निर्णय कुणी फिरवला नव्हता.

त्या कारखान्यात दोन गाड्या तयार होत. कंपनीच्या पत्रकांत त्यांना लांबलचक नावे होती. कामगार एकीला धाकटी म्हणत, दुसरीला थोरली. दोघी एका आईच्या, असेही म्हटले जाई, कारण सांगाडा तोच, पुढची दारे तीच, सुकाणू तेच. धाकटी ही काही कुणा ऐऱ्यागैऱ्याची गाडी नव्हती. ती जोडणाऱ्या हातांपैकी एकालाही ती उभ्या जन्मात घेता आली नसती; तरी थोरलीच्या शेजारी उभी केली की लोक तिला 'साधी' म्हणत आणि म्हणताना स्वतःच हसत.

थोरली धाकटीहून वीतभर लांब. ती अख्खी वीत मागे बसणाऱ्याच्या पायांना दिलेली. चालकाच्या वाट्याला त्यातले करंगळीचे पेरही आलेले नाही. धाकटीचे दार हाताने ओढून घ्यावे लागते. थोरलीचे मागचे दार बटण दाबले की आपणहून मिटते, कारण तिथे बसणाऱ्याला हात लांब करावा लागणे हा कंपनीच्या दृष्टीने अपमान असावा. काचा दुहेरी, आणि दोन काचांच्या मध्ये आवाज गिळणारा पातळ पडदा. मागच्या दोन आसनांमध्ये थंड कप्पा, त्यात चांदीचे दोन पेले, वळणावरही कलंडू नयेत असे खाचेत रोवलेले. पोटऱ्या चेपून देणारी उशी. शिवाय गाडी चालवण्याची एक खास रीत: ती निवडली की गाडी पहिला गिअर वगळून दुसऱ्यावरच निघते, म्हणजे मागे झोपलेल्या माणसाची मान हलत नाही. हे सारे पत्रकात छापलेले होते. मला ज्याची सर्वांत जास्त किळस आली तो फरक मात्र छापलेला नव्हता. तो एका गालिचे बसवणाऱ्याने दाखवला. मागे पायांखाली जाड लोकरीचा गालिचा, पुढे चालकाच्या पायांखाली धाकटीचाच पातळ. "ड्रायव्हरच्या बुटाला काय कळतंय, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात," तो म्हणाला आणि वाकून पुढचा तुकडा कापू लागला.

पण फरकांचा मुकुटमणी म्हणजे छत. धाकटीचे छत कापडाचे असते. ते बाहेरून तयार येते आणि चार खटक्यांत बसते. थोरलीचे छत कातड्याचे, आणि ते हातांनीच चढवावे लागते. मागचे आसन आडवे करून पडणाऱ्याच्या नजरेसमोर तासन्‌तास तेच राहणार. त्यावर एकही सुरकुती चालत नाही.

थोरली नाकोबांकडे येण्यापूर्वी भट्टीच्या खोलीत जाई. उन्हात उभी राहिलेली गाडी जितकी तापते तितकी ती तिथे तापवत, कारण थंड गाडी आपला वास दडवून ठेवते. मग नाकोबा आत शिरत. तीन श्वास, बाहेर, पुन्हा तीन श्वास. दोन फेऱ्यांच्या मध्ये ते बाही वर सरकवून कोपराच्या आतल्या बाजूला नाक टेकवत. हा या धंद्यातला जुना रिवाज. नाक थकते, आधीचा वास धरून ठेवते. त्याला मूळ जागी आणायचे तर आपल्याच कातडीचा वास द्यावा, कारण आपला वास आपल्याला येत नाही. नाकोबा त्याला 'शून्य' म्हणत. "शून्य घेतल्याशिवाय मोजायचं कशावरून?" असे ते विचारत.

या नाकापायी घर कोरडे ठणठणीत झाले होते. सुगंधी साबण नाही, केसांना तेल नाही, तळण नाही, खिडकीत फुलझाड नाही. लग्न ठरवताना त्यांच्या सासूबाईंनी मध्यस्थाला विचारले होते, "मुलाला काही व्यसन?" "नाकाचं," मध्यस्थाने सांगितले होते. हा विनोद त्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला की मुलीने मला तो सांगताना एकदाही हसून पाहिले नाही.

नाकोबांच्या पत्नीला कारखान्यात सगळे वहिनी म्हणत. मुलगी मोठी झाल्यावर त्या छतखोलीत लागल्या. छतखोलीत सात बायका होत्या. कातड्याच्या पाठीला आणि साच्याला गोंद लावायचा, तो चिकट होईपर्यंत थांबायचे, मग मधून कडेकडे तळव्याने दाबत न्यायचे; साचा गाडीत बसवला की आत उताणे पडून कडा मुडपायच्या. हातमोजे चालत नसत. मोज्यातून सुरकुती बोटांना कळत नाही. पाच वर्षे काम केले की बाई कायम होई. मध्ये सोडले तर मागची वर्षे वाया. वहिनींची तीन झाली होती. छतखोलीत त्यांच्याइतके सरळ छत कुणाचे उतरत नसे.

त्या खोलीतला पंखा पाहण्यासारखा होता. धाकटीच्या दालनात हवा वरून येई आणि जमिनीतल्या जाळीतून निघून जाई. त्याचा कुणाला त्रास नव्हता. थोरलीसाठी ही व्यवस्था बदललेली होती. कातडे वास पिते, म्हणून गोंदाची वाफ गाडीत क्षणभरही रेंगाळता कामा नये. त्यासाठी पंख्याची एक जाड नळी मागच्या काचेच्या मोकळ्या जागेतून आत सोडलेली, आणि तिच्यातली हवा जोराने गाडीबाहेर पडे, उघड्या दारांतून. दारांत कोण उभे असे? या सात बायका. म्हणजे गाडीच्या फुप्फुसांची काळजी घेण्यासाठी एका अभियंत्याने बसून, कागदावर बाण काढून, ती वाफ माणसांच्या तोंडावर सोडली होती. त्या आराखड्यावर मी स्वतः ते बाण पाहिले आहेत. माणसांच्या जागी त्यावर काहीही काढलेले नव्हते.

मुलीला आठवते की आई कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात बाबांनी तिला दोनदा केस धुवायला लावले होते. "अगं, काय घेऊन आलीस केसांत?" असे ते म्हणाले होते. दुसऱ्या आठवड्यात एकदा. मग कधीच नाही. पहिल्याच वर्षी वहिनींचे डोके दुखू लागले. दुसऱ्या वर्षी हातातून पेला निसटू लागला, ब्लाउजची बटणे लागेनात. तिसऱ्या वर्षी त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या. नाकोबा म्हणत, "लक्ष कुठे असतं तुझं?" वहिनी म्हणत, "तुमच्या थोरलीच्या टाळूवर असतं दिवसभर. घरी आणायला उरत नाही."

मग तक्रार आली. एका गिऱ्हाइकाने लिहिले होते की आपण आसन आडवे करून पडलो की वरून काहीतरी गोडसर, औषधी वास येतो आणि झोप लागत नाही. महिनाभरात तशीच आणखी दोन पत्रे आली. तीन थोरल्या परत मागवण्यात आल्या. नाकोबांनी त्या पुन्हा तापवून घेतल्या, आत बसले, शून्य घेतले, पुन्हा बसले आणि तिन्हींना एक ही श्रेणी दिली. व्यवस्थापकाला घाम फुटला. या गृहस्थांना कामगार 'इस्त्री' म्हणत, कारण त्यांच्या सदऱ्याला कधी चुणी पडत नसे आणि चेहऱ्यालाही. त्यांनी मुख्य कचेरीतून दुसरे नाक बोलावले.

ती एक पिकल्या केसांची, कमी बोलणारी बाई होती. कारखान्यात तिला पाहुणी म्हटले जाऊ लागले. पहिल्या गाडीत ती मोजून तीन श्वास बसली आणि उतरली.

"साडेतीन."

"शक्य नाही," नाकोबा म्हणाले. "मी चार वेळा घेतला."

"शून्य कुठे घेता?"

नाकोबांनी कोपर दाखवले. पाहुणीने परवानगी न विचारता त्यांची बाही वर केली, वाकून वास घेतला आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "छत इथे आहे. तुमच्या कोपरात. घरात गोंदाचं काम कोण करतं?"

उशी एक, पांघरूण एक, टॉवेल एक. तीन वर्षांत वहिनींच्या केसांतला गोंद नाकोबांच्या कातडीत मुरला होता, आणि ते गाडीत तोच वास शोधायला जाताना आधी त्याच वासावर नाक कोरे करून घेत होते. तराजूच्या रिकाम्या पारड्यातच वजन राहून जावे तसे हे झाले. नाकोबा मला म्हणाले, "शून्यात काय आहे ते कधी कळत नाही हो. म्हणून तर ते शून्य." मुलीला हे स्पष्टीकरण मान्य नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा आलेला वास तिसऱ्या आठवड्यात कुठे गेला, असे ती विचारते.

इस्त्रींना मात्र हायसे वाटले. "म्हणजे दोष कारखान्याचा नाही!" ते म्हणाले. त्यांनी काढलेल्या आदेशाची प्रत माझ्यापाशी आहे. 'परीक्षकाच्या घ्राणशक्तीचे घरगुती प्रदूषण' असे त्याचे शीर्षक आहे. उपाय असा: परीक्षकाने तीन आठवडे कंपनीच्या विश्रामगृहात राहावे, कंपनीने दिलेले कपडे व साबण वापरावा, आणि या मुदतीत पत्नीशी संपर्क टाळावा. छत कामगार महिलेने यापुढे कामावर केस झाकून घ्यावेत. ज्या गोंदाचा एक थेंब मागच्या आसनावरच्या गिऱ्हाइकाची झोप मोडतो, त्याची बादली जिच्या नाकाखाली असते तिच्याबद्दल त्या पानभर मजकुरात केस झाकण्यापलीकडे एक शब्द नाही. मी तो कागद अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी वाचून झाल्यावर हात धुवावेसे वाटले आहेत.

नाकोबा पिशवी भरत असताना वहिनी दारात उभ्या होत्या.

"अहो, म्हणजे मी आता विटाळ झाले का?"

"तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

"तुमच्या नाकाला सुट्टी मिळाली. बरं झालं. माझ्या बोटांनी अर्ज कुणाकडे करायचा?"

"बोटांना काय झालं?"

 "काही नाही," त्या म्हणाल्या. "साबण विसरू नका. कंपनीचा."

दुसऱ्या आठवड्यात मुलगी आईला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि तिथून थेट विश्रामगृहात आली. दारापासून चार पावले दूर उभी राहून ती बोलली, कारण पहारेकऱ्याने तिलाही जवळ जाऊ दिले नाही.

"डॉक्टरांनी आईच्या पावलाला टाचणी टोचली. तिला कळलंच नाही. ती म्हणाली, टोचा ना, मी तयार आहे."

"मग?"

"मग काय? नसा मरतायत म्हणे, टोकापासून. ती हवा थांबली तर पाय सुधारतील, हातांचं सांगता येत नाही. नाही थांबली तर मनगटापर्यंत जाईल. आणि आई म्हणते, दोन वर्षांनी कायम होईन, तोवर कळ काढते."

"मी बघतो," नाकोबा म्हणाले.

"बघू नका, बाबा. तुमचं काम वास घ्यायचं आहे. तेवढं करा."

तीन आठवडे संपले त्या सकाळी नाकोबा भट्टीच्या खोलीकडे गेले नाहीत. ते सरळ छतखोलीत शिरले. एकवीस वर्षांत ते तिथे कधी आले नव्हते, कारण गाडीच त्यांच्याकडे येत असे. आत पाऊल टाकताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि घशात गोडसर चव उतरली. पंखा चालू होता. सातही बायका दारांत वाकलेल्या होत्या. त्यांच्या मुकादमिणीने मान वर केली.

"या भावोजी! नाक परीटघडीचं करून आलात म्हणे. येतो का आता वास?"

 नाकोबा बाहेर आले, त्यांनी कोपराला नाक लावले. तिथे या वेळी खरोखर काही नव्हते. ते पुन्हा आत गेले, तीन श्वास घेतले, आणि बाहेर येऊन नोंदवहीत गाडीचा क्रमांक लिहायच्या रकान्यात 'छतखोली' असे लिहून समोर सहा हा आकडा घातला.

कारखान्याचा नियम असा होता की श्रेणी पाच किंवा सहा आली तर परीक्षकाने गाडीच्या काचेवर लाल चिठ्ठी लावायची. ती लागली की त्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, आणि चिठ्ठी काढायचा अधिकार फक्त लावणाऱ्याला किंवा मुख्य कचेरीच्या परीक्षकाला. एकवीस वर्षांत नाकोबांनी अशा नऊ चिठ्ठ्या लावल्या होत्या. दहावी त्यांनी छतखोलीच्या दारावर लावली. आतल्या बायका बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. थोरलीचे काम थांबले.

इस्त्री धावत आले. "अहो, ही खोली आहे! गाडी नाही!"

"वास तोच आहे," नाकोबा म्हणाले.

"पण खोलीत गिऱ्हाईक बसत नाही!"

त्यांचे हे म्हणणे खरे होते, आणि त्यांनी ते अगदी निष्पाप चेहऱ्याने म्हटले. मला वाटते, त्यांना त्यात काही वावगे आहे हे आजतागायत कळलेले नाही.

दोन दिवस चिठ्ठी दारावर राहिली. तिसऱ्या दिवशी पाहुणी आली. तिच्याआधी यंत्रशाळेची माणसे येऊन पंखा बदलून गेली होती. नवा पंखा दुप्पट ताकदीचा होता, आणि हवेचा रोख तोच होता. पाहुणी छतखोलीत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. नाकोबा आणि वहिनी दाराशेजारी उभे होते.

"किती?" नाकोबांनी विचारले.

"सहा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुमचं नाक आता बरोबर आहे." मग तिने इस्त्रींकडे पाहिले. "पण मला गाडी तपासायला बोलावलंय." नव्या पंख्याने वाफ बाहेर घालवलेल्या थोरलीत ती जाऊन बसली, तीन श्वास घेऊन उतरली, नोंदवहीत 'एक' ही श्रेणी लिहिली आणि नखाने कोपरा उचलून दारावरची लाल चिठ्ठी सोलून काढली. चिठ्ठीचा गोंद बोटांना चिकटला तेव्हा तिने तो रुमालाने पुसला. तिच्याबद्दल मी फार कठोर होऊ नये असे नाकोबा सांगतात. मला ते जमत नाही. न येणाऱ्या वासाला क्षमा करता येते. आलेला वास नीट मोजून, त्याची श्रेणी तोंडाने सांगून मग चिठ्ठी काढणाऱ्या हाताला करता येत नाही.

बायका उठल्या आणि एकेक करून आत जाऊ लागल्या. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही वहीत काय लिहिलं होतं?" त्यांनी नवऱ्याला विचारले.

"सहा."

"खोडायला सांगितलं तर?"

"खोडणार नाही."

"मग चला घरी." त्यांनी डोक्याला बांधलेले फडके सोडले आणि मुकादमिणीच्या हातात दिले.

"वहिनी, दोनच वर्षं राहिलीत गं," मुकादमीण म्हणाली.

"तूही चल."

"आम्हाला नाक परवडत नाही, बाई. पोट आहे." ती फडके घडी घालून आत गेली. पंखा सुरू झाल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

हे २०११ सालचे. नाकोबांना टायरच्या गोदामात पाठवण्यात आले; रबराच्या त्या दर्पात वर्षभरात त्यांचे नाक सामान्य माणसाइतके झाले. घरात आता तळण होते. वहिनींच्या पावलांतली जाणीव दीड वर्षात परत आली. उजव्या हाताच्या तीन बोटांत ती आली नाही. चमचा त्या डाव्या हाताने धरतात. छतखोलीतल्या उरलेल्या सहाजणींपैकी चौघी पुढे कायम झाल्या. त्यांच्यापैकी दोघींना काठी लागते. मुकादमीण त्या दोघींत आहे.

२०१७ सालच्या मार्चपासून त्या कारखान्यात थोरलीचे छत पाण्यात कालवलेल्या, बिनवासाच्या गोंदाने चिकटवले जाते.